सुई टोचली की काहीतरी होतंच... पण काय?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त जरा कडू आहे. नातेवाईकांपैकी जे हे वाचतात त्यांना अर्धी गोष्ट माहीत आहे, बाकीच्यांना सांगतो.

महाशिवरात्रीला कुणकेश्वरला गेलो होतो. आमचं घर देवळापासून चालत वीसेक मिनिटांवर. जत्रेचे दिवस, गावोगावच्या देवांच्या स्वाऱ्या समुद्रस्नानाला आलेल्या, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. आमची काकी दरवर्षी अनवाणी जाते, तशी यंदाही गेली. रात्री परत आल्यावर पाय धुताना मला दिसलं की तिच्या करंगळीच्या बेचक्यात जखम झालीय. चांगली खोल. म्हटलं, "काकी, ह्या कधी झालां?" तर तिला पत्ताच नव्हता. दुखलंच नव्हतं तिला.

काकीला बारा वर्षं मधुमेह आहे. शंका आली म्हणून सकाळी उपाशीपोटी साखर तपासली. तीनशेच्या वर. गोळ्यांचा डबा उघडला तर तीन आठवड्यांच्या गोळ्या तशाच.

मग खोदून विचारल्यावर गोष्ट बाहेर आली. तालुक्यात कुठेतरी "सुयांचं शिबिर" भरलं होतं. काकीची ढोपरं दुखतात, शेजारणीबरोबर गेली. दहा दिवस सुया. ढोपराला आराम पडला. खरंच पडला. आणि मग शेवटच्या दिवशी त्या शिबिरातल्या गृहस्थांनी सांगितलं की आता स्वादुपिंड "जागं झालंय", गोळ्या बंद करायला हरकत नाही.

मी चिडलो. पण त्यानंतर काकी जे बोलली त्याने गप्प झालो. म्हणाली, "तुका सांगूक भियालंय. तू हसतंस."

बरोबरच होतं तिचं. दिवाळीत तिने ढोपराला सुया लावून घेऊ का असं विचारलं होतं तेव्हा मी नि माझा पुण्याचा चुलतभाऊ, दोघंही हसलो होतो. "सगळं थोतांड आहे काकी" असं म्हणून विषय संपवला होता. म्हणजे त्या गृहस्थांनी तिला चुकीचं सांगितलं हे खरं, पण ते तिने आम्हाला विचारू नये याची सोय आम्हीच करून ठेवली होती.

आता काकी ठीक आहे. गोळ्या चालू आहेत, जखम भरत आलीय. पण माझं डोकं काही शांत होईना. गेले दोन महिने या सुयांबद्दल जमेल तेवढं वाचलं. आणि आता माझं दोघांशीही भांडण आहे. "सुयांनी सगळं बरं होतं" म्हणणाऱ्यांशी, आणि "सुयांनी काहीच होत नाही" म्हणणाऱ्यांशीसुद्धा. दुसऱ्या गटात परवापर्यंत मी स्वतःच होतो, त्यामुळे त्यांच्यापासूनच सुरुवात करतो :)

थोतांडवाल्यांसाठी

पुण्याच्या बंधूंचं म्हणणं असं: शरीरात "ची" नावाची ऊर्जा वाहते, ती बारा-चौदा वाहिन्यांमधून जाते, वाहिनी तुंबली की आजार होतो, सुई टोचली की मोकळी होते. हे शवविच्छेदनात कुणाला कधी सापडलेलं नाही. म्हणून सगळं खोटं.

पहिली तीन वाक्यं ठीक. "म्हणून" नंतरचं चुकलं. एखाद्या गोष्टीचं दिलेलं कारण खोटं असलं म्हणून ती गोष्ट घडतच नाही असं होत नाही.

आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. रापण ओढताना पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला की गावातली जुनी माणसं पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवायला सांगतात. का विचारलं तर कुणी म्हणेल वीष उतरतं, कुणी म्हणेल थंडी बाहेर येते. पण गरम पाण्याने दुखणं कमी होतं हे अगदी खरं आहे आणि आज दवाखान्यातही तेच करतात. या माशांचं वीष प्रथिनांचं असतं, ते उष्णतेने बिघडतं, असं एक कारण दिलं जातं. कारण नंतर कळलं. उपाय आधीपासून बरोबर होता.

तर सुई टोचल्यावर शरीरात नेमकं काय होतं?

पहिलं म्हणजे ती जिथे टोचली तिथेच काहीतरी होतं. ही सुई केसापेक्षा थोडी जाड, पाव मिलिमीटरच्या आसपास, भरीव. इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नाही. ती कातडीखाली गेल्यावर वैद्य ती बोटांत फिरवतो. फिरवली की ती आत "धरली" जाते, ओढली तर पटकन निघत नाही. चिनी वैद्य याला "ची आली" म्हणतात. अमेरिकेत हेलेन लँजेव्हिन नावाच्या बाईंनी २००१-०२ च्या सुमारास याचा अभ्यास केला. कातडीखालच्या जोडऊतीचे धागे सुईभोवती गुंडाळले जातात. काठी जाळ्यात घालून फिरवली की जाळं कसं तिच्याभोवती पिळतं, अगदी तसं. हा पीळ आजूबाजूच्या पेशींना ताणतो आणि त्या आपला आकार बदलतात. "पॉइंट"वर ही पकड थोडी जास्त मिळाली, पण पॉइंट नसलेल्या जागीही मिळालीच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१० साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी उंदराच्या गुडघ्याजवळ अशी सुई घालून फिरवली आणि तिथला द्रव तपासला. अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन अनेक पटींनी वाढलं होतं. हे रसायन जवळच्या नसेला शांत करतं. ज्या उंदरांमध्ये अ‍ॅडेनोसिन ओळखणारा तो विशिष्ट ग्राहक जन्मतःच नव्हता, त्यांना सुईचा काही उपयोग झाला नाही. आणि सुई नुसती टोचून ठेवली, फिरवलीच नाही, तरीही उपयोग झाला नाही. उंदराला काही "माझा चीनवर विश्वास आहे" वगैरे वाटत नसावं. तेव्हा हे केवळ मनाचे खेळ म्हणून उडवून लावता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नसा. सुईची कळ बारीक नसांमधून मज्जारज्जूत जाते, तिथून मेंदूकडे. मेंदू गप्प बसत नाही. तो वरून खाली निरोप पाठवतो आणि मज्जारज्जूच्या दारातच दुखण्याचे निरोप अडवतो. एका जागची कळ दुसऱ्या जागचं दुखणं दाबते, हे आपल्याला नवीन नाही. काट्याने काटा काढणं आपण वेगळ्या अर्थाने म्हणतो, पण इथे अक्षरशः तसंच काहीसं चालतं. त्यासाठी मेंदू स्वतःची अफू वापरतो, एंडॉर्फिन वगैरे.

पेकिंगच्या हान जीशेंग यांच्या गटाने तर १९७० च्या दशकात सुया टोचलेल्या सशाच्या मेंदूभोवतालचं पाणी दुसऱ्या, सुया न टोचलेल्या सशाला दिलं, आणि त्या दुसऱ्या सशाचीही वेदना सोसण्याची ताकद वाढली. म्हणजे पाण्यात काहीतरी रसायन होतं. १९७७ साली अमेरिकेत माणसांवर प्रयोग झाला. हातात सुया टोचून दाताची कळ कमी केली, आणि मग नॅलोक्झोन दिलं. हे अफूचा असर उतरवणारं औषध. कळ परत आली.

तेव्हा बंधो, "काहीच होत नाही" हे विधान मागे घ्यावं लागेल. मी घेतलंय.

आता सर्वरोगहरवाल्यांकडे वळू

डोंबिवलीचे काका आतापर्यंत खूश होऊन वाचत असतील. काका, आता थोडं पाणी पिऊन घ्या.

पहिला मुद्दा. वर जे सगळं सांगितलं त्यात नसा लागतात. चिनी संशोधकांनीच १९७० च्या दशकात दाखवलं की जिथे सुई घालायची त्या भागातली नस आधी इंजेक्शनने बधिर केली तर सुईने वेदनाशमन होत नाही. "ची" वाहिन्यांतून वाहत असती तर नस बधिर केल्याने तिला काय फरक पडायचा होता? म्हणजे सुयांचा परिणाम जितका जास्त सिद्ध होतो, तितकी ती वाहिन्यांची गोष्ट मागे पडते. एकीकडे "बघा, विज्ञानानेही मान्य केलं" म्हणायचं आणि दुसरीकडे भिंतीवर वाहिन्यांचा तक्ता लावायचा, हे दोन्ही एकदम जमत नाही.

आणि आमच्या काकीच्या बाबतीत हा नुसता वादाचा मुद्दा नाही. बारा वर्षांच्या मधुमेहाने तिच्या पावलांच्या नसा मंदावल्यात. करंगळी कापली तरी तिला कळलं नाही. ज्या नसांनी सुईचा निरोप न्यायचा त्याच अर्ध्या झोपलेल्या. म्हणजे तिच्या पावलात सुईचा उपयोग कमी आणि चिघळण्याचा धोका जास्त. हे त्या शिबिरात कुणी तपासलं? पायाला हात लावून "कळतंय का" एवढंही विचारलं नव्हतं.

दुसरा मुद्दा जरा किचकट आहे, पण सगळी मेख तिथेच आहे. नॅलोक्झोनच्या प्रयोगाचा पुरावा सुयावाले फार मिरवतात. पण १९७८ साली, म्हणजे पुढच्याच वर्षी, अमेरिकेतच दुसरा प्रयोग झाला. दाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून नुसतंच खोटं औषध दिलं. काहींना आराम पडला. त्यांना नॅलोक्झोन दिल्यावर त्यांचाही आराम गेला! म्हणजे नुसत्या विश्वासानेसुद्धा मेंदू तीच अफू सोडतो. तेव्हा "एंडॉर्फिन वाढलं" एवढ्याने सुई खरी की विश्वास खरा हे ठरत नाही. दोन्ही एकाच दुकानातून माल उचलतात.

मग ठरवायचं कसं? खोटी सुई करून. १९९८ मध्ये जर्मनीत श्ट्राइटबर्गर यांनी अशी एक सुई केली. नाटकातल्या खंजिरासारखी. टोक बोथट, कातडीला टेकतं, टोचल्यासारखं वाटतं, पण सुई आपल्याच मुठीत मागे सरकते. काही प्रयोगांत अशी सुई वापरतात, तर काहींत खरीच सुई, पण पॉइंट सोडून भलत्याच जागी आणि वरवर टोचतात.

जर्मनीतच २००७ साली कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला शास्त्रोक्त पॉइंटवर सुया, दुसऱ्याला भलत्या जागी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, व्यायाम वगैरे. सहा महिन्यांनी बरं वाटलेल्यांचं प्रमाण: शास्त्रोक्त सुया ४७.६ टक्के, भलत्या सुया ४४.२ टक्के, नेहमीचे उपचार २७.४ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा. दोन्ही पक्षांना ते गैरसोयीचे आहेत. सुयांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा जवळजवळ दुप्पट लोकांना बरं वाटलं, म्हणून बंधूंची पंचाईत. आणि सुई कुठे टोचली याने जवळजवळ काही फरक पडला नाही, म्हणून काकांची पंचाईत. अर्धशिशीवरच्या २००५ च्या जर्मन प्रयोगातही असंच: खऱ्या सुया ५१ टक्के, खोट्या ५३ टक्के, नुसतं वाट पाहायला लावलेले १५ टक्के.

न्याय्य बोलायचं तर एवढ्यावर थांबता येत नाही. २०१८ मध्ये ३९ प्रयोगांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. त्यात कंबर, मान, खांदा, डोकेदुखी आणि गुडघ्याची झीजही होती, म्हणजे आमच्या काकीचं ढोपार. खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या सरस ठरल्या. फरक लहान, पण निव्वळ योगायोग म्हणण्याजोगा नाही. सुयांनी मिळालेला बराचसा आराम मात्र खोट्या सुयांनीही मिळतो. निवांत झोपायला मिळणं, कुणीतरी अर्धा तास आपल्या दुखण्याकडे लक्ष देणं, आपण काहीतरी करून घेतोय ही भावना, आणि कुठेही टोचलं तरी होणारी ती शरीराची प्रतिक्रिया.

काकी म्हणते, "ढोपराचां दुखणां कमी झालां, तां खोटां काय?" नाही काकी, खोटं अजिबात नाही. दुखणं कमी झालं म्हणजे झालं. पण ढोपर दुखायचं थांबणं आणि स्वादुपिंड सुधारणं यात कुणकेश्वर ते काशी एवढं अंतर आहे. आमच्या गावाला दक्षिण काशी म्हणतात म्हणून ते गंगेवर येत नाही!

दुखणं म्हणजे आजार नव्हे

माझा खरा आक्षेप इथे आहे. सुईचा जो परिणाम नीट दिसलाय तो मुख्यतः वेदनेवर आणि मळमळीवर. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूवर बऱ्यापैकी पुरावा आहे. या दोन्ही गोष्टी मेंदू ठरवतो. दुखणं किती जाणवू द्यायचं हे मेंदूच्या हातात आहे, तिथे त्याला समजावता येतं.

रक्तातली साखर अशी समजावता येत नाही. ती जाणवतच नाही, तीच तर गोम आहे. काकीला साखर तीनशे असताना "बरं" वाटत होतं. ढोपर हलकं झालं, मन प्रसन्न झालं, आणि आत साखर चढत होती. बरं वाटणं हा ढोपरदुखीचा निकष आहे, मधुमेहाचा नाही. ज्याने हे दोन निकष एकमेकांत मिसळले त्याने काकीचा पाय धोक्यात घातला.

काका म्हणतील, आता हार्वर्डनेही मान्य केलंय की सुयांनी शरीरातला दाह कमी होतो. हो, २०२१ चा तो प्रयोग मीही वाचला, आणि खरंच सुंदर आहे. छ्योफू मा यांच्या गटाने दाखवलं की उंदराच्या मागच्या पायात ठरावीक जागी खोलवर एक विशिष्ट प्रकारच्या नसा असतात. तिथे सुईतून सौम्य वीज सोडली की मेंदूमार्गे व्हेगस नस जागी होते, अ‍ॅड्रिनल ग्रंथी रसायनं सोडते आणि दाह कमी होतो. पोटावर तशीच सौम्य वीज दिली तर हे होत नाही, कारण तिथे त्या नसा नाहीत. म्हणजे इथे जागेला महत्त्व आहे. मी वर "कुठेही टोचा" म्हटलं त्याला ही चांगली चपराक आहे, मान्य. पण जागेला महत्त्व का? तिथे ती नस आहे म्हणून. वाहिनी आहे म्हणून नाही.

आणि त्याच गटाचा आदल्या वर्षीचा, २०२० चा प्रयोग काकांना कुणी फॉरवर्ड केला नसणार. त्यात पोटावर जोरदार वीज दिली. दाह सुरू होण्याआधी दिली तर दाह कमी झाला. सुरू झाल्यानंतर दिली तर वाढला.

तेव्हा "सुयांचा साइड इफेक्ट नाही" हे वाक्य आता कृपा करून बंद करा. ज्याचा इफेक्ट आहे त्याचा साइड इफेक्ट असतोच. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून हवा साठू शकते, असे रुग्ण नोंदले गेलेत. एकाची सुई दुसऱ्याला वापरल्याने कावीळ पसरल्याच्या नोंदी आहेत. जाणत्या हातात हे क्वचित घडतं. पण "काहीच होऊ शकत नाही" असं सांगणारा माणूस जाणता नसतो.

डॉक्टर कोटणीसांना तरी सोडा

शिबिराचं पत्रक काकीने जपून ठेवलं होतं. त्यावर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो! खाली "पाच हजार वर्षांची विद्या". हे पाहून मात्र माझं पित्त खवळलं.

कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९१० चा जन्म. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९३८ साली जपानने चीनवर हल्ला केलेला असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे टप्प्याटप्प्याने परतले, कोटणीस राहिले. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय अवघं ३२. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. कोटणीसांनी तिथे काय केलं? शस्त्रक्रिया. डोंगराळ भागात, औषधांची टंचाई असताना, जखमी सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया. ते शल्यविशारद होते. त्यांची थोरवी त्यात आहे.

मग सुयांशी त्यांचं नाव कसं जोडलं गेलं? त्यांच्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात ते सुरू केलं. आपल्या मित्राच्या नावाने त्यांनी स्मारक समिती चालवली, त्या नावाने सुयांचे दवाखाने निघाले. बसूंनी मैत्री निभावली, त्यात काहीच गैर नाही. पण आपल्या गावातल्या पत्रकावर कोटणीसांचा फोटो छापून मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगणं, हा त्या माणसाचा अपमान आहे.

आणि ते पाच हजार वर्षांचं. चीनमध्ये मावांगद्वी इथे इ.स.पू. १६८ मधल्या एका थडग्यात वैद्यकाच्या लिखित पोथ्या सापडल्या. त्यांत वाहिन्यांचं वर्णन आहे, वनस्पती जाळून शेक देण्याचं आहे, पण सुया टोचण्याचं नाही. सुयांची पद्धतशीर चर्चा येते ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात. दोन हजारही काही कमी नाहीत, पाच कशाला करायचे? आणि खुद्द चीनच्या बादशहाने १८२२ मध्ये राजवैद्यांच्या संस्थेतून सुया हद्दपार केल्या होत्या हेही पत्रकात यायला हवं होतं :)

तशीच ती अमेरिकन पत्रकाराची कथा. जेम्स रेस्टन १९७१ मध्ये पेकिंगला गेले असताना त्यांचं अपेंडिक्स काढलं. "फक्त सुया टोचून, भूल न देता" असं आजही सांगितलं जातं. रेस्टन यांनी स्वतः लिहिलंय की शस्त्रक्रिया नेहमीच्या बधिरीकरणाच्या इंजेक्शनाने झाली. सुया लावल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी, आणि त्यांना बरं वाटलं. खरी गोष्ट पुरेशी चांगली होती. फुगवायची गरज नव्हती.

मग करायचं काय?

केंद्र सरकारने २००३ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराची एक पद्धत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने तर २०१५ चा स्वतंत्र कायदा केलाय, त्यात परिषद आहे आणि व्यावसायिकांची नोंदणी आहे. काका हे "मान्यता आहे" म्हणून सांगतात. मी उलट म्हणतो: नोंदणी आहे, म्हणजे विचारायची सोय आहे. मग विचारा ना!

माझ्या सगळ्या काक्या, माम्या, आत्या आणि त्यांना सुयांच्या शिबिराला गाडीवरून सोडणाऱ्या पोरांनो, एवढंच करा. सुया टोचणाऱ्याला नोंदणी विचारा. सुया नव्या, सीलबंद पाकिटातल्या, तुमच्यासमोर फोडलेल्या आहेत का बघा. त्याने तुम्हाला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारलं का बघा. मधुमेही असाल तर पाय तपासले का बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून सांगा. आणि ज्या क्षणी तो म्हणेल "गोळ्या बंद करा", त्या क्षणी चप्पल घाला आणि घरी या. ज्या डॉक्टरने गोळी सुरू केली त्याला विचारल्याशिवाय गोळी बंद नाही. सुया ढोपराला. गोळ्या साखरेला. एकाचं काम दुसऱ्याला देऊ नका.

आणि माझ्यासारख्या शहाण्यांनो, आपण जरा हसणं कमी करूया. गावात ढोपरदुखीवर उपाय म्हणजे काय असतं? वेदनाशामक गोळ्या, त्याने पोट जळतं, वर्षानुवर्षं घेतल्या तर मूत्रपिंडालाही त्रास. व्यायाम शिकवणारा जवळपास नाही. ढोपर बदलायचं तर मोठ्या शहरात जा, पैसे उभे करा. अशा वेळी कुणी अर्धा तास पायाला हात लावून बसतो आणि दुखणं थोडं कमी होतं, तर बाई तिथे जाणारच. तिला मूर्ख ठरवून आपण काय मिळवलं? ती जायची थांबली नाही, आपल्याला सांगायची थांबली.

परवा काकीशी तह झाला. ढोपरासाठी सुया लावून घ्यायच्या तर नोंदणीकृत डॉक्टरकडे. गोळ्या चालूच राहणार. दर आठवड्याला साखर तपासून मला फोन. आणि मी हसायचं नाही.

काल संध्याकाळी फोन आला. साखर १४२. ढोपार थोडं दुखतंय. ओहोटी होती, खडकांवरच्या पिंड्या दिसायला लागल्या होत्या, ती बघायला गेली होती. चप्पल घालून.

असो. काका, तुमच्या फोनची वाट बघतोय.